सत्तर पानांचा पुडा

छातीचा फोटो स्वच्छ निघाला त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन मी पहिले काम कोणते केले असेल, तर सिगारेट पेटवली. फोटोची ती काळी फीत उन्हाकडे धरून पानठेल्यावरच्या चारचौघांना दाखवली सुद्धा. “पाहा, सेहेचाळीस वर्षे ओढतो आहे. आहे कुठे डाग?” पानठेलेवाल्याने समाधानाने मान डोलावली. गिऱ्हाइकाची छाती धड निघाल्याचा आनंद त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला व्हायचा?

ही गोष्ट 2015 सालची, माझ्या सेवानिवृत्तीच्या वर्षाची. प्राथमिक शाळेतली मास्तरकी संपली होती, साखरेचा आजार थोडासा पदरात पडला होता, आणि मुलाने आग्रह धरला म्हणून सगळ्या तपासण्या चालल्या होत्या. छाती झाली, डोळे झाले, रक्त झाले. लघवीची बाटली देताना मात्र मला हसू आले. सिगारेट ओढणाऱ्याची लघवी तपासून काय कळायचे? धूर काही त्या वाटेने बाहेर पडत नाही, असा एक विनोदही मी तपासणाऱ्या माणसाला ऐकवला. तो हसला नाही. या लोकांना विनोदाचे वावडे असते, एवढाच अर्थ मी तेव्हा काढला.

अहवाल घेऊन ज्या डॉक्टरीणबाईंपुढे बसलो त्या माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“गुरुजी, लघवीतून प्रथिन जाते आहे. क्रिएटिनिनही थोडे वर आहे, 1.6.”

“साखरेमुळे असेल.”

“साखर आहेच. बिडी-सिगारेट ओढता का?”

मी विजयी मुद्रेने फोटोचा लिफाफा पुढे सरकवला. त्यांनी तो उघडलाही नाही. म्हणाल्या, “ही छाती झाली. मी मूत्रपिंडाबद्दल विचारते आहे.”

मूत्रपिंड हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांपुढे दादा उभा राहिला. त्याला जाऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. माझी पहिली बिडी त्याच्याच हातची. 1969 चा हिवाळा होता. आमचा मुलूख त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यातच होता. चांद्याचे चंद्रपूर 1964 साली झाले होते तरी म्हातारी माणसे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला 26 ऑगस्ट 1982 उजाडायचा होता. दिवाळी झाली, धान कापणीला आले, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात आणि रात्रभर नाटके चालतात. नाटक पहाटेपर्यंत चालले नाही तर लोकांना पैसे बुडाल्यासारखे वाटते. अशाच एका नाटकाहून आम्ही बैलगाडीने परतत होतो. वैनगंगेच्या बाजूने येणारे वारे हाडात शिरत होते. गाडीत पाच-सहा जण तणसात अंग चोरून बसलेले, आणि अंधारात फक्त बिड्यांची लाल टोके दिसत होती. मी दात वाजवीत होतो. दादाने आपली अर्धी बिडी माझ्या ओठांशी धरली आणि म्हणाला, “एक झुरका घे बाबू, आंग गरम होते.” अंग गरम झाले. खोकून खोकून का होईना, पण झाले. बारा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या पंक्तीत जागा मिळाली याचा गरमपणा त्यात अधिक होता.

वस्तुतः बिडीशी आमच्या घराची सोयरीक त्याआधीपासूनची. टेंभुर्णीचे झाड, ज्याला व्यापारी तेंदू म्हणतात, ते आमच्या जंगलात मुबलक. मे महिन्यात त्याची पिवळी टेंभरे खायची आणि त्याच सुमारास त्याची पाने तोडून विकायची. 1969 सालीच राज्यात वनोपजाच्या व्यापाराचा कायदा झाला आणि पानाचा व्यापार सरकारच्या हाती आला; पुढे दादा दर उन्हाळ्यात ठेकेदाराच्या फळीवर मुन्शी म्हणून बसू लागला. ज्यांनी फळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसे, विशेषतः बाया, पहाटे अंधारात जंगलात शिरतात. उन्हे चढेपर्यंत पाने खुडून गाठोडी डोक्यावर घेऊन येतात. मग सारे घर ओसरीत बसून पानावर पान ठेवते आणि सत्तर पानांचा एक पुडा सालीच्या वाकाने बांधते. संध्याकाळी हे पुडे फळीवर न्यायचे. मुन्शी शंभराच्या हिशेबाने ते मोजून घेतो, फाटकी, कोवळी, डागी पाने असलेला पुडा बाजूला टाकतो. पुढे ते उन्हात पसरायचे, उलटायचे, आणि वाळले की हजार पुड्यांचे एक पोते भरायचे. दोन-तीन आठवड्यांचा हंगाम. पण पावसाळ्यापूर्वी रोख पैसा देणारे दुसरे काय आहे? बियाणे, पोरांची पुस्तके, लग्नाची उसनवारी, सारे त्या पानावर. त्यासाठी बाया वाघाच्या तोंडात जातात असे म्हणतो तेव्हा मी अलंकार वापरीत नाही. पाने आणि मोहफुले वेचायला गेलेली माणसे वाघाने मारल्याची बातमी आमच्याकडे बहुतेक उन्हाळ्यात येते.

तर दादा मुन्शी झाला. पानावर बोट फिरवून ते कसे जळेल हे तो सांगत असे. दिवसाला दोन कट्टे बिडी लागायची. 2009 मध्ये त्याचा रक्तदाब फार वाढलेला आढळला. गोळ्या सुरू झाल्या आणि बिडी कमी करायला सांगितले गेले. आता जे लिहितो ते लिहायला हात जड होतो. कमी करणे त्याला जमेना, म्हणून मी, शिकलेला धाकटा भाऊ, तालुक्याच्या गावाहून त्याच्यासाठी फिल्टरच्या सिगारेटी आणू लागलो. “दादा, बिडी जहाल असते. ही गाळून येते.” दर पगाराला एक मोठे पाकीट. दादा भावाचे कौतुक सांगत ती साऱ्या गावात दाखवून ओढी. गोळ्या मात्र कधी घेई, कधी विसरे.

2012 मध्ये त्याचे पाय सुजले, तोंड सुजले, अन्नावरची वासना उडाली. नागपूरला नेले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त गाळून घ्या, दर वेळी चार तास, असे सांगण्यात आले. आम्ही दोनदा जमवले. सरकारची मोफत डायलिसिसची देशव्यापी योजना 2016 मध्ये आली. आमच्या वेळी प्रत्येक खेप खिशातून होती. पहाटेची एसटी, रात्रीची एसटी, मध्ये चार तास हाताला नळ्या. जायच्या दिवशी सूज, यायच्या दिवशी ग्लानी, आणि मधल्या दिवशी पाणी मोजून. उन्हाळ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश तापमानात ज्याला दिवसाला दोन-तीन पेलेच पाणी प्यायची मुभा आहे, त्याच्यासमोर बसून आपण तांब्या तोंडाला लावू शकत नाही. वहिनी चुलीमागे जाऊन पाणी पीत.

पहिले काही महिने शेत गहाण ठेवून काढले. 2013 च्या मे महिन्यात वहिनी पानाला जाऊ लागल्या. साठीला आलेली बाई. दादाची बाज ओसरीत असे आणि तिच्या पायथ्याशी बसून वहिनी आणि सून पुडे बांधीत. ओल्या पानांचा तो हिरवट, किंचित तुरट वास सगळ्या घरात भरलेला. दादा पडल्या पडल्या पाहत असे. मध्येच हात लांब करून एखादे पान ओढून काढी, “हे डागी आहे, फेका,” म्हणे, आणि विचारी, “सत्तर झाले का?” त्या पानांच्या पैशांतून पुढच्या खेपांची भाडी निघत. त्या पानांची बिडी कुठे तरी वळली जाई. 2014 च्या पावसाळ्यात, पूर आल्याने रस्ता बंद झाला आणि दोन खेपा चुकल्या, त्या आठवड्यात दादा गेला. आम्ही सर्वांनी म्हटले, रक्तदाबाने गेला. काही जण म्हणाले, पुराने गेला. धुराचे नाव कोणी घेतले नाही. माझ्या तर मनातही आले नाही. दहाव्याला घाटावर मी तीन सिगारेटी ओढल्या.

डॉक्टरीणबाईंना मी हे सारे सांगितले. फिल्टरच्या पाकिटांचेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी कागदावर मूत्रपिंडाचे चित्र काढले. शाळेच्या फळ्यावर तीस वर्षे मीही ते काढले होते: दोन घेवड्याचे दाणे, दोन नळ्या, खाली पिशवी. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात, हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या जोडीकडे येतो, दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव त्या गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात, हे मी पोरांकडून घोकून घेतले होते. मधल्या सुट्टीत त्याच पोरांना काडेपेटी आणायला पाठवीत होतो.

“धूर फुप्फुसात राहत नाही, गुरुजी,” बाई म्हणाल्या. “त्यातले निकोटीन क्षणात रक्तात उतरते. नाडी वाढते, दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आणि तुमच्या शरीरात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आणखी कुठे असेल?” मास्तराला प्रश्न विचारून उत्तर काढून घेण्याची ती रीत मला ओळखीची होती. मी मुकाट्याने कागदावरच्या चित्रावर बोट ठेवले.

मग बाकीचे कळत गेले. धुराने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरवडले जाते, त्या अरुंद आणि कडक होतात, चाळणीची भोके सैल पडतात आणि जे प्रथिन रक्तात राहायचे ते लघवीत गळू लागते. साखर किंवा रक्तदाब असलेल्याने धूर ओढला तर हे अधिक लवकर आणि अधिक वेगाने होते. तंबाखूचे झाड जमिनीतून कॅडमियम नावाचा धातू शोषून घेते. तो धुराबरोबर आत जातो आणि मूत्रपिंडात साचतो, तिथून निम्मा निघून जायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग ओढणाऱ्यांना अधिक होतो, कारण धुरातली विषे रक्तातून गाळली जाऊन शेवटी त्याच पिशवीत तासन्‌तास थांबतात. म्हणजे धूर त्या वाटेने बाहेर पडत नाही हा माझा विनोद शास्त्राच्या दृष्टीनेही चुकला होता. त्या तपासनिसाची मी मनोमन क्षमा मागितली.

चांद्याचे चंद्रपूर झाले त्याच 1964 सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा गाजलेला अहवाल निघाला होता. साऱ्या जगाचे लक्ष फुप्फुसाकडे लागले ते तेव्हापासून. आपल्याकडे पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा 1975 मध्ये आला, चित्रे 2009 मध्ये आली. मी पाकिटांवर जी चित्रे पाहिली ती फुप्फुसाची आणि तोंड-घशाची. माणूस आपल्या सोयीचे वाचतो. छाती स्वच्छ म्हणजे आपण सुटलो, असे मी वाचले.

“आणि फिल्टर?” मी विचारले.

“बिडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून जोराने आणि वरचेवर ओढावी लागते, त्यामुळे विष कमी जात नाही. फिल्टर लावला की माणूस झुरका खोल घेतो. मूत्रपिंडाला काही फरक कळत नाही.” मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “तुमच्या भावाची मूत्रपिंडे धुरानेच गेली असे मी म्हणणार नाही. रक्तदाब होता, गोळ्या चुकत होत्या. पण धूर थांबला असता तर काही वर्षे अधिक मिळाली असती, असे म्हणायला जागा आहे.”

ती ‘जागा’ मी दहा वर्षे उराशी घेऊन फिरतो आहे.

सिगारेट त्याच दिवशी सोडली असे लिहिले तर ते खोटे होईल. सात वेळा सोडली. आमची ही तर चौथ्या खेपेला हात जोडून म्हणाली, “तुमी ओढत होते तेच बरं होतं जी, निदान घरात भांडे तरी फुटत नव्हते.” पाचव्या खेपेला मी खर्ऱ्याकडे वळलो. बाहेरच्या वाचकाला खर्रा ठाऊक नसेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेऊन खसाखसा घोटायचे आणि गालात धरायचे. आमच्याकडे चहाच्या आधी खर्रा विचारतात. धूर नाही म्हणजे मूत्रपिंड सुरक्षित, असा नवा सिद्धांत मी काढला. निकोटीन रक्तात जायला धुराचीच गाडी लागते असे थोडेच आहे? शिवाय तोंडाचा कर्करोग वर. त्याच सुमारास, 2016 मध्ये, शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून जिल्ह्यात दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ ही मोहीम सुरू केली. आमच्या गावी त्यांची माणसे आली तेव्हा सभेत भिंतीला टेकून बसलेला मी गालातली गोळी गिळावी की थुंकावी या पेचात होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती आता गटाची अध्यक्ष आहे, सर्वांसमोर विचारले, “गुरुजी, काही बोला ना.” तोंड उघडता येईना. बाया हसल्या. सहावी आणि सातवी खेप मग फार अंतराने झाली नाही. 2017 च्या पोळ्यापासून मी कशालाही शिवलेलो नाही.

गेलेले काही परत आले नाही. ते येत नसते. पण क्रिएटिनिन 1.6 चे इतक्या वर्षांत 1.8 झाले आहे, आणि बाई याला चांगले म्हणतात. साखर सांभाळतो, मीठ कमी खातो, दाबाची गोळी विसरत नाही. दर तीन महिन्यांनी बाटली घेऊन जातो. तपासनीस तोच आहे. आता मला पाहून हसतो.

हे सगळे इथवर सरळ आहे. सरळ नाही ते पान.

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर आमच्याकडच्या ग्रामसभांना जंगलावर हक्क मिळू लागले. धानोरा रस्त्यावरच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये पहिल्यांदा मिळाले, आणि पुढे कितीतरी गावे बांबू आणि तेंदूपान स्वतः विकू लागली. आमची ग्रामसभाही विकते. पूर्वी ठेकेदाराच्या घशात जाणारा पैसा आता गावात राहतो, ही गोष्ट लहान नाही. पण 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी 7.7 टक्के बिडी ओढणारे निघाले, सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यांची बिडी आमच्यासारख्यांच्या जंगलातून जाते. ओढणारेही आमच्यासारखेच: हमाल, गवंडी, शेतमजूर. त्यांच्याही मूत्रपिंडात तेवढ्याच चाळण्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून छोटे गाव आहे. त्यांना 2012 मध्ये वनहक्क मिळाला, आणि त्यांच्या ग्रामसभेने तेंदूपान तोडायचेच नाही असे ठरवले. पानासाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, टेंभरे मिळत नाहीत, आणि शेवटी त्या पानाने माणसांचे नुकसानच होते, असा त्यांचा विचार. बांबूवर भागवतात. गेल्या मार्चमध्ये आमच्या ग्रामसभेत पानाचा विषय निघाला तेव्हा मी उठून पाचगावची हकीकत सांगितली. दादाचे नाव घेतले नाही, पण सगळ्यांना कळले. सभा शांत झाली. मला वाटले, पटते आहे.

मागच्या बाजूने वहिनींचा आवाज आला. सत्तरी ओलांडली तरी आवाज खणखणीत.

“भाऊजी, तुमी मनता ते खरं आहे. पन तुमच्या दादाच्या मशिनीचे पैसे ह्याच पानानं देल्ले. तेव्हा कोनी मनलं नाई, पान तोडू नोका.”

कोणी काही बोलले नाही. मीही खाली बसलो. पेन्शनवाल्याने पान सोडा म्हणणे सोपे असते. आमच्याकडे पाचगावाइतका बांबू नाही, हेही एक जण पुढे बोलला, आणि ते खरे आहे. ठराव झाला तो एवढाच, की यंदा छाटणीसाठी आग लावायची नाही आणि गावात कोणी बिडी, खर्रा विकायचा नाही. पान विकायचे, बिडी विकायची नाही! तरुण पोरे यावर हसली. मला हसू आले नाही, आणि विरोधही करवला नाही.

मे महिन्यात संध्याकाळी वहिनींच्या ओसरीत गेलो. नातीला नर्सिंगच्या शाळेत घालायचे आहे, त्याची फी भरायची होती. चौघी जणी पुडे बांधीत होत्या. दादाची बाज तिथेच आहे, तिच्यावर आता धानाची पोती असतात. वहिनींनी न बोलता माझ्यापुढे पानांचा ढीग सरकवला. मी चष्मा पुसला आणि पानावर पान ठेवू लागलो. डागी काढत होतो. मध्ये कुठे तरी मोजणी चुकली.

“किती झाले?” वहिनींनी विचारले.

“एकसष्ट की बासष्ट,” मी म्हणालो.

“मंग पुन्यांदा मोजा,” त्या म्हणाल्या. “फळीवर घेनार नाईत.”